शिंगांचं वजन

एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी पिकअप घेऊन एक माणूस आमच्या दारात आला. गराजच्या चौकटीला त्यानं ताणकाटा अडकवला आणि माझ्या भिंतीवरची एल्कची, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाची, शिंगं एकेक करून तोलायला घेतली. नऊ जोड्या होत्या. कवटीचं हाड वजनात धरत नाहीत, म्हणून आधी बॅटरीवरच्या करवतीनं ते कापून काढायचं, मग शिंग हुकाला टांगायचं, काटा स्थिरावला की खिशातल्या वहीत आकडा टिपायचा. घरात राहून रंग टिकलेलं शिंग ते तपकिरी, उन्हापावसानं फिकटलेलं ते पांढरं, आणि भेगा पडून भुसभुशीत झालेलं ते 'खडू'. तिन्हींचा भाव वेगळा. शेडच्या दारावर मी मोठ्या हौसेनं लावलेली जोडी खडूत गेली. करवत चालू झाली की केस जळल्यासारखा वास सुटायचा आणि जमिनीवर पिठासारखा पांढरा भुगा पडायचा. माणूस सज्जन होता. कुठलंही शिंग त्यानं आपटलं नाही, टाकलं नाही. चांगली शिंगं झुंबरांना आणि खुर्च्यांना जातात, उरलेल्याचे तुकडे करून कुत्र्यांना चघळायला विकतात, हेही त्यानं न लपवता सांगितलं. सगळी मिळून ६१ किलो भरली. पाऊण तासात काम झालं.

नोटा मोजता मोजता त्यानं विचारलं, "यातला सगळ्यात मोठा कुठला?" एक शिकारी दुसऱ्याला विचारतो तसं, आपुलकीनं.

"तो यात नाही," मी म्हणालो.

तोंडून गेलं खरं, आणि ते का गेलं हे मलाच कळेना. मोठा नर त्यातच होता. त्याच्या दोन्ही शिंगांना सहा-सहा टोकं होती आणि जोडीचं वजन दहा किलोच्या वर होतं. तो नुकताच माझ्या डोळ्यांदेखत काट्यावर लटकून गेला होता. पिकअप वळून दिसेनाशी झाली, मी गराज झाडायला घेतलं, आणि केराच्या सुपलीत चार बोटांएवढा एक तुकडा आला. कपाळाजवळच्या फाट्याचं टोक होतं, करवतीच्या धक्क्यानं तुटलेलं. तो माणूस विसरला असेल किंवा त्यानं सोडून दिला असेल. मी तो खिशात टाकला. पुढचे तीनचार आठवडे खिशात हात गेला की तो बोटांना लागायचा आणि ते वाक्य परत आठवायचं.

घर विकायचं ठरलं होतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, फोर्ट कॉलिन्समधल्या या घरात आम्ही २७ वर्षं राहिलो, पण आता माझा उजवा गुडघा जिने मानत नाही. नवीन जागा दोन खोल्यांची आहे, एका मजल्यावर. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "बाबा, एक जोडी घेतो, पण लावू कुठे?" त्याच्या आवाजातली काळजी खरी होती, म्हणून मीच विषय मिटवला. हिनं मात्र एवढ्या वर्षांत कधी तक्रार केली नाही. दर महिन्याला स्टुलावर चढून ती शिंगांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसायची. फक्त गणपतीत, मखर त्याच भिंतीखाली असायचं म्हणून, दहा दिवस शिंगांवर पांढरी चादर टाकायची. गणपती सप्टेंबरात आले की मी बहुतेक वेळा डोंगरात असायचो, कारण एल्कचा माजाचा काळही तोच. आरतीला घरात यजमान नाही आणि भिंतीवर चादरीखाली शिंगांचे उंचवटे. तिच्या बाजूनं त्या भिंतीकडे मी कधी पाहिलं नव्हतं. यंदा चादर घडी करून दानाच्या खोक्यात टाकताना पाहिलं.

शिंग म्हटलं की माझ्या मनात पहिल्यांदा भिंत येतच नाही. आजीची सहाण येते. देवरुखच्या पलीकडे, मार्लेश्वरच्या डोंगराच्या बाजूला आमचं गाव. माजघरातल्या कोनाड्यात आजीची औषधं असायची. मुरुडशेंग, मायफळ, वेखंड, हळकुंड, आणि त्यांच्या शेजारी सांबरशिंग. आजोबांनी कधीतरी रानातून उचलून आणलेलं, सांबरानं टाकलेलं शिंग. कुणाची छाती भरली, कुणाचा गुडघा सुजला, कुणाची पाठ धरली की आजी सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून ते शिंग गोल गोल फिरवायची. दगडावर हाड घासल्याचा तो आवाज अंगावर काटा आणायचा. हळूहळू पाण्याला दुधासारखा रंग चढायचा, मग ती तो लेप बोटानं उचलून चुलीजवळ कोमट करून लावायची. सुकला की कातडी ओढल्यासारखी व्हायची आणि पापुद्रे पडायचे. त्यानं काय बरं व्हायचं आणि काय आपोआप जायचं, ते सांगायला मी वैद्य नाही. पण मी लहान होतो तेव्हा ते शिंग आजीच्या मनगटाएवढं होतं, आणि मी देश सोडला तेव्हा अंगठ्याएवढं उरलं होतं. गावातल्या कितीतरी छात्या आणि गुडघ्यांवर ते लागून गेलं होतं.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीच्या परवान्यावरची. १९६९ च्या माघात, मी बारा वर्षांचा असताना, पहिल्यांदा मला हाक्याला नेलं. माझ्या हातात रॉकेलचा रिकामा डबा आणि काठी. पंधरावीस जण रान हाकत खालून वर निघाले, आणि बंदुका वरच्या खिंडीत बसल्या. करवंदीच्या जाळ्या, घामाचा आणि वाळक्या पाल्याचा वास, आणि मग कुठून तरी एकच बार. आवाज डोंगरावर आपटून दोनदा परत आला. डुक्कर पडलं होतं. मोठी माणसं ओरडत धावली. आजोबा मात्र सावकाश चालत आले, बंदूक झाडाला टेकवली, वाकून डुकराच्या कपाळाला हात लावला आणि तोच हात आपल्या कपाळाला लावला. ते काय केलं म्हणून मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. संध्याकाळी सागाच्या पानांवर वाटे पडले. पहिला देवाचा, मग बार टाकणाऱ्याचा, मग हाकेवाल्यांचे, कुत्र्यांचा, आणि ज्या म्हातारीच्या घरातून हाक्याला यायला कुणी पुरुषच नव्हता, तिचा. तिचा वाटा द्यायला आजोबांनी मलाच पाठवलं. अंधारात पानाखालून हाताला कोमट रक्त लागत होतं. शिकारीतला माझा पहिला मान तो, आणि अजूनही मला तो सगळ्यात मोठा वाटतो.

१९७२ च्या कायद्यानंतर हे सगळं आकसत गेलं आणि ते योग्यच झालं. आमच्या डोंगरात सांबर उरलं होतंच किती? आजोबा चिडले नाहीत. पडवीतलं जुनं सांबराचं डोकं त्यांनी वनखात्याकडे नोंदवलं, कागद ट्रंकेत ठेवला आणि बंदूक वानरांना भिववण्यापुरती राहिली. मी १९८३ मध्ये शिकायला फोर्ट कॉलिन्सला आलो तेव्हा शिकार हा विषय माझ्यापुरता संपला आहे, असंच मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात कुणीतरी आम्हा चारपाच विद्यार्थ्यांना एस्टेस पार्कला नेलं. तिथून रॉकी माउंटन नॅशनल पार्कच्या कुरणाशी संध्याकाळी गाडी उभी केली. थंडी पडायला लागली होती, ॲस्पेनची पानं पिवळी झाली होती, आणि झाडीतून आवाज आला. आधी खोल, घशातून आलेला घोगरा हुंकार, तोच चढत चढत एकदम उंच, बारीक शीळ झाला, आणि मग धाप लागल्यासारखे दोनतीन तुटक हुंदके. इथे त्याला बिगुलच म्हणतात. एवढ्या प्रचंड धुडातून एवढा कोवळा आवाज कसा निघतो, ते मला आजही उमगलेलं नाही. नर बाहेर आला. मान काळी, पाठ वाळलेल्या गवताच्या रंगाची, आणि शिंगं मागे टाकून चाललेला, जणू डोक्यावर झाड घेऊन निघालाय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मित्रांना कळू नये म्हणून मी चष्मा पुसला. नंतर समजलं की त्या भागातले एल्क माणसांनी मारून संपवले होते. खाणीच्या वस्त्यांना मांस विकणाऱ्यांनी डोंगरच्या डोंगर रिकामे केले, आणि १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून कळप आणून पुन्हा सोडावे लागले. आज कोलोरॅडोत अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. हे परत आणण्यात आणि राखण्यात शिकाऱ्यांच्या परवान्यांचा पैसा आहे, आणि बंदुका-काडतुसांवर लागणाऱ्या करातला वाटाही १९३७ पासून आहे. संपवणारे शिकारी आणि सांभाळणारेही शिकारीच. या दोन्हींचा मी वारस आहे आणि यातलं एक सोडून दुसरं मला घेता येत नाही.

शेजाऱ्यानं मला पुन्हा रानात नेलं. तो वेल्डिंगचं काम करायचा. शिकार-शिक्षणाच्या वर्गाला त्यानंच माझं नाव घातलं, जुनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल दिली, आणि १९९० च्या ऑक्टोबरात लॅरमी नदीच्या खोऱ्यात, पहाटेच्या हिमात, मी पहिला नर मारला. चार टोकांचा, कायद्यात जेमतेम बसणारा. जवळ गेलो तेव्हा अंगातून वाफ निघत होती. मी वाकलो आणि त्याच्या कपाळाला हात लावला. शेजाऱ्यानं टोपी काढली आणि काही विचारलं नाही. त्यानंतरच्या कामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, पण शिकार म्हणजे मुख्यतः तेच. साडेतीनशे किलोच्या आसपासचं जनावर उलटवायचं, कातडं सोडवायचं, चारही फऱ्या उतरवायच्या, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचं लांब मांस काढायचं, जाळीदार पिशव्यांत भरून सावलीत टांगायचं, आणि मग ते सगळं पाठीवर घेऊन साडेतीन मैल खाली. खेपा करता करता दोघांना दीड दिवस लागला. खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठले होते. शिंगं शेवटच्या खेपेला, कारण आधी मांस. शिंगं घेऊन मांस रानात टाकणं इथे मोठा गुन्हा आहे. हा कायदा कळला तेव्हा मला फार बरं वाटलं, आजोबांचा कायदाही हाच होता.

घरी हिनं मोठ्या पातेल्यात पहिलं एल्कचं मटण शिजवलं. सुकं खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून वाटप, आईनं पाठवलेला मसाला. मांसाला चरबी नाही, म्हणून वर तर्री येईना, तेव्हा तिनं तेल थोडं सैल हातानं घातलं. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. शेजारी आणि त्याची बायको जमिनीवर मांडी घालून जेवले. पुढे मी वाटे करायला लागलो. गावातल्या मराठी घरांत पुडे पोचवायचे, ज्यांना चालतं त्यांना. काहींनी आनंदानं घेतले, काहींनी दारातूनच हात जोडले. दोन्ही मला समजत होतं. अलीकडे त्यातही एक भीती आली आहे. हरणांना होणारा तो झिजवून मारणारा मेंदूचा रोग पहिल्यांदा १९६७ मध्ये आमच्याच फोर्ट कॉलिन्समधल्या बंदिस्त हरणांत दिसला होता. आता मुंडकं तपासायला द्यायचं आणि निकाल येईपर्यंत वाटे फ्रीझरमध्ये थांबवायचे, हा माझा नेम झाला.

मग शिंगं कुठून आली मध्ये? भिंतीला पहिला खिळा मारला तेव्हा मला एवढंच वाटलं होतं की हा दिवस विसरायचा नाही. दुसऱ्या खिळ्यालाही तेच. तिसऱ्यानंतर मी टोकं मोजायला लागलो. लहान नर समोर आला की सोडून देऊ लागलो, आणि त्याला संयम म्हणू लागलो. तो संयम होता, हेही खोटं नाही. पण त्यात भिंतीवरची रिकामी जागाही होती.

शिंग ही वस्तूच मुळात साठवायची नाही. गाईम्हशीचं शिंग जन्मभराचं, एल्कचं एका वर्षाचं. मार्च-एप्रिलात जुनं गळून पडतं, कपाळावर रक्ताळलेला वाटोळा डाग उरतो, आणि काही दिवसांतच तिथून नवं फुटतं. मखमलीसारख्या लवेखाली, रक्तवाहिन्यांनी भरलेलं, हात लावला तर ऊबदार. उन्हाळ्याच्या भरात दिवसाला अडीच सेंटिमीटरपर्यंत वाढतं. एवढं हाड एवढ्या घाईनं उभं करायचं तर नुसत्या चाऱ्यावर भागत नाही, म्हणून नराचं शरीर स्वतःच्या बरगड्यांतून चुना काढून वर पाठवतं. ऑगस्टात मखमल सुकते, तो झाडांवर घासून ती सोलून काढतो, झाडाचा चीक आणि साल लागून शिंग तपकिरी होतं. महिना-दीड महिना मिरवतो, भांडतो, ओरडतो. हिवाळा काढतो, आणि मग टाकून देतो. खाली पडलेलं शिंग उंदीर, खारी, साळिंदरं कुरतडतात, त्यांना चुना हवा असतो. हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. तरी मी नऊ वर्षांची नऊ झाडं थांबवून भिंतीला लावली.

मोजमापही केलं एकदा. २०११ चा तो मोठा नर. शिंगं साठ दिवस सुकवावी लागतात, मगच अधिकृत मोजणारा फीत लावतो. अमेरिकेतल्या मोठ्या जनावरांची नोंद ठेवणारा बून अँड क्रॉकेट क्लब, १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापन केलेला. त्यांची मापाची रीत १९५० पासून ठरलेली आहे. मूळ शिंगाची आणि प्रत्येक टोकाची लांबी, चार जागी घेर, दोन शिंगांमधली रुंदी, सगळ्याची बेरीज. आणि मग डावं-उजवं जुळत नसेल तेवढी वजाबाकी. माझ्या नराचं डावं शिंग उजव्यापेक्षा आखूड आणि किंचित मुरडलेलं होतं. बरेच गुण गेले आणि तो क्लबच्या नोंदींच्या पुस्तकाबाहेर राहिला. मी खट्टू झालो होतो, ते नाकारत नाही. पण मला आठवत होतं की तो मागच्या उजव्या पायानं थोडा लंगडत उतरला होता. सोलतानाही मांडीच्या हाडावर जुना जुळलेला सांधा हाताला लागला होता. मागच्या पायाला दुखापत झाली की विरुद्ध बाजूचं शिंग वाकडं येतं, असं हरणांमध्ये पाहिलेलं आहे. म्हणजे एवढं मोठं दुखणं अंगावर काढून तो जगला, पुन्हा शिंगं उभारली, आणि आमच्या फितीनं त्याचेच गुण कापले. त्यानंतर मी कुठलंही शिंग मोजायला दिलं नाही.

याच राज्यात क्रेस्टेड ब्यूटजवळच्या डार्क कॅन्यनमध्ये जॉन प्लूट नावाच्या माणसानं १८९९ मध्ये एक नर मारला होता. त्याच्या शिंगांचं माप पुढे ४४२ आणि तीन अष्टमांश इंच निघालं, आणि कित्येक वर्षं जगात त्याहून मोठी जोडी नव्हती. प्लूटनं ती शिंगं गुत्त्याच्या उधारीपोटी देऊन टाकली, असं सांगतात. मोजणी झाली तोवर ६० वर्षं उलटली होती. मी ती शिंगं पाहायला मुद्दाम गेलो होतो. लोक 'बिचारा, त्याला कळलंच नाही' म्हणतात. मला तिथे उभं राहून वाटलं, त्याला बहुधा नीट कळलं होतं. मांस खाल्लं असेल, हिवाळा निघाला असेल, आणि जे उरलं त्यानं देणं फिटलं.

आता त्या वाक्याकडे येतो.

२००४ चा सप्टेंबर. कोलोरॅडोत ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम असतो, जेमतेम नऊ दिवसांचा. दुर्बीण लावायची नाही, दारूच्या तयार वड्या वापरायच्या नाहीत, सुटी दारू मापून नळीत ओतायची, वर गोळी बसवायची, गजानं ठासायची, बार पेटवणारी टोपी बंदुकीवर चढवायची. एकच बार. आजोबांच्या आठवणीनं मी दोन वर्षांपूर्वी ती बंदूक घेतली होती, आणि दारूचा तो गंधकाचा वास बोटांना लागला की मला गावातली पडवी दिसायची. चेंबर्स लेकच्या वरच्या बाजूला, दाट स्प्रूसच्या कडेला, सकाळी साडेसातला एक नर बिगुल देत खाली आला. सहा-सहा टोकांचा. सत्तर पावलांवर आडवा उभा राहिला. नेम धरला. माझा श्वास आवरलेला नव्हता. डोंगर चढून आलो होतो, थांबायला हवं होतं, आणि तो आता जाईल या धास्तीनं मी चाप ओढला. धुराचा पांढरा ढग झाला. धूर विरला तेव्हा समोर कुणी नव्हतं.

रक्त सापडलं. लालभडक, थोडं, पानांवर शिंतोडे. खांद्याच्या वर लागली असावी. जखमी जनावराला बसू द्यावं, तासभर जागचं हलू नये, हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. पण हिम भुरभुरायला लागलं होतं आणि माग झाकला जाईल म्हणून मी वीस मिनिटांतच निघालो. तीनशे पावलांवर तो बसला होता, मी दिसताच उठला आणि आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून निघून गेला. मी बसून राहिलो असतो तर तो तिथून उठला नसता. दुपारी रक्त थांबलं, संध्याकाळपर्यंत सगळं पांढरं झालं. दुसऱ्या दिवशी शेजारी मदतीला आला. दोन दिवस आम्ही एकमेकांपासून वीस पावलं अंतर ठेवून तो उतार विंचरला. तिसऱ्या दिवशी मी परवान्याचा कागद पाकिटात घालून घरी आलो, आणि तो वापरला गेला असं धरून त्या वर्षी पुन्हा बंदूक उचलली नाही. घरी आरतीची तयारी चालली होती. हिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि आरतीचं ताट मुलाच्या हातात दिलं.

मे महिन्यात हिम वितळल्यावर मी एकटाच वर गेलो. आम्ही शोध सोडला होता त्या जागेपासून सहाशे पावलांवर, ओढ्याच्या पलीकडे, दोन पडलेल्या ओंडक्यांच्या बेचक्यात तो होता. बरगड्या कोल्ह्यांनी की अस्वलानं ओढून दूर नेलेल्या. कातड्याचा एक कडक पट्टा. पण कवटी जागेवर होती आणि शिंगं कवटीला घट्ट. हिवाळ्याआधीच मेलेला, म्हणून ती गळायची राहिली होती. तो जगता तर मार्चमध्ये त्यानं ती स्वतःच टाकून दिली असती, आणि मी पाहिलं तेव्हा त्याच्या कपाळावर नवी मखमल फुटलेली असती. मी कपाळाला हात लावला. हाड ओलं आणि थंड होतं. बराच वेळ बसलो. शिंगं तिथेच ठेवून खाली आलो. ती घरी आणण्याचा हक्क मला कुणी दिला असता तरी मी तो घेतला नसता.

पुढे दरवर्षी मे-जूनमध्ये एकदा तिथे जाणं झालं. हिला माहीत होतं, ती दोघांपुरता डबा द्यायची, आणि एवढं कोण खाणार म्हणून मी कधी म्हटलं नाही. पहिल्या दोन वर्षांत कपाळाजवळची टोकं गेली. उंदरांच्या दातांच्या खुणा अगदी बारीक पटाशीनं कोरल्यासारख्या, जोडीजोडीनं, सलग. मग वरची टोकं बोथट झाली. एका बाजूला हिरवट शेवाळ चढलं, तपकिरी रंग जाऊन पांढरा आला, पांढऱ्याला भेगा पडल्या. बारा-तेरा वर्षांत त्या रुंद शिंगांच्या जागी हाताएवढे दोन खुंट उरले. तिथे बसून पाहताना मला आजीचं शिंग आठवलं, मनगटाएवढं होतं ते अंगठ्याएवढं झालेलं. माझ्या हातून वाया गेलेलं जनावर असं मी त्याला इतकी वर्षं म्हणत आलो होतो. माझ्या घरापुरतं ते खरं होतं, आणि माझा दोष त्यानं कमी होत नाही. पण त्या उतारावरचे उंदीर, खारी आणि कावळे यांनी त्याचा कणही वाया घालवला नव्हता.

२०२० च्या ऑगस्टात कॅमेरॉन पीकची आग लागली. दोन लाख आठ हजार एकरांहून जास्त रान जळलं. राज्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग. आमच्या अंगणात राख पडत होती, सूर्य तांबड्या नाण्यासारखा दिसायचा. पुढच्या उन्हाळ्यात दुखरा गुडघा बांधून मी वर गेलो. ओढ्यावरून जागा ओळखली. काळे खांब उभे होते, ओंडके नव्हते, कवटी नव्हती, खुंट नव्हते. पायाने राख सारून पाहिली, मग तेही थांबवलं. जळक्या जमिनीत गुडघाभर गुलाबी फुलं आली होती आणि कोवळ्या गवतात एल्कच्या खुरांचे ताजे ठसे होते, एक मोठा आणि त्याच्या शेजारी बारका. त्या वर्षी मी शेवटचा परवाना काढला आणि बंदूक न भरता हिंडलो.

म्हणजे त्या माणसाला मी खोटं सांगितलं नव्हतं.

परवा नव्या घरात खोकी उघडताना हिला सहाण सापडली. आजीचीच. १९९६ मध्ये आजी गेली तेव्हा मी कपड्यांत गुंडाळून ती आणली होती. मधोमध खळगा पडलेला दगड. आम्ही तिच्यावर वर्षातून एकदा गणपतीला चंदन उगाळतो, बाकी ती कपाटात. त्या रात्री गुडघा ठणकत होता. मी खिशातला तुकडा काढला, सिंकच्या कडेला उभा राहून दगडावर पाणी टाकलं आणि तुटकी बाजू खाली धरून फिरवायला लागलो. हात जमायला वेळ लागला. आजी कशी मनगट सैल सोडायची ते आठवून पाहिलं. तोच आवाज आला, दातांतून जाणारा. आतल्या खोलीतून ही उठून आली, दारात उभी राहिली.

"कुठलं आहे?" तिनं विचारलं.

"लंगड्याचं," मी म्हणालो. २०११ च्या त्याला घरात आम्ही हेच म्हणायचो.

तिनं गॅस लावला आणि छोटी कढली पुढे केली. पाणी दुधाळ झालं होतं, त्याला ओल्या हाडाचा आणि कुठे तरी खोल झाडाच्या चिकाचा वास येत होता. कोमट झाल्यावर तिनं तो लेप दोन बोटांनी माझ्या गुडघ्याला लावला. आम्ही दोघं तो सुकेपर्यंत बसून राहिलो. तुकडा मी धुऊन खिडकीत वाळत ठेवला. त्याला एका बाजूनं उतरता, गुळगुळीत पैलू पडला आहे.